न दाबलेलं बटण

घरचा कूलर साठ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजण्याचं एकक) खडखडायचा, तरी त्याच्याशेजारी बसून सुमेधा रामटेके सुखाने गणितं सोडवायची. जमिनीखालच्या अभ्यासिकेतला पंखा जेमतेम पन्नास डेसिबल गुणगुणायचा आणि तिथे तिच्या साध्या बेरजाही चुकायच्या. असं का, हे कोणालाच सांगता येईना.

चंद्रपुरात आता उन्हाळ्यात पारा बावन्नवर जायचा आणि दुपारी घरोघरची वीज बंद असायची. म्हणूनच शहराने ही अभ्यासिका खोदली होती. मुलं यायची, पण तासाभरात चिडून उठायची. महिन्याभरात हे बदललं नाही तर अभ्यासिकेचं गोदाम होणार, असं समितीने बजावलं. सुमेधाची शिष्यवृत्ती परीक्षा दोन महिन्यांवर होती. दुपारी बसायचं कुठे, या विचाराने तिला रडू यायचं.

पंखे बसवले होते तिच्या तेजल आत्याने. आत्या म्हणजे हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रांची अभियंता. तिने पाती बदलली, आवाज अठ्ठावन्नवरून पन्नासवर आणला. उपयोग शून्य. तेव्हा एक्कावन्नाव्या वर्षी तिने पर्यावरण मानसशास्त्राच्या (भोवतालच्या जागेचा मनावर काय परिणाम होतो, ते सांगणारं शास्त्र) अभ्यासक्रमात नाव घातलं. ‘आता पंख्याचं मन ओळखणार का?’ म्हणून कचेरीत थट्टा झाली. आत्याने ती कानाआड केली आणि डबा खाता खाता धडे वाचले.

“आत्या, तू पास झाली तर पंखा हळू फिरन का?” सुमेधाने विचारलं.

“नाही वं. पण वीस वर्षं मी पंख्याकडेच पाहून राहिली. त्याच्याखाली बसणाऱ्याकडे कधी पाह्यलंच नाही.”

मग दोघींनी प्रयोग मांडला. सारख्या दोन खोल्या, सारखाच पंखा, प्रत्येकीत बारा मुलं. एका खोलीत मात्र प्रत्येक बाकावर एक बटण. दाबलं की पंखा दहा मिनिटं थांबणार. ‘अगदीच सहन झालं नाही तर दाबा,’ एवढंच मुलांना सांगितलं. दोन्हीकडे सारखीच गणितं दिली आणि अभ्यासिका सांभाळणारा यंत्रमानव दक्ष मुलांच्या चुका मोजत होता.

“बिनबटणाच्या खोलीत एकशे चार चुका,” दक्ष म्हणाला. “बटणाच्या खोलीत एकेचाळीस. बटण दाबल्याची संख्या शून्य. म्हणजे बटण निरुपयोगी आहे. काढून टाकू?”

“थांब जरा,” सुमेधा म्हणाली. “दाबलं नाही, पण दाबता आलं असतं. घरच्या कूलरचं तसंच आहे. त्याचं बटण माझ्या हाताशी असते. इथं पंखा आपल्या डोक्यावर बसून आहे.”

आत्याने वही उघडून दाखवली. ‘नियंत्रणाची जाणीव’ (त्रास थांबवणं आपल्या हातात आहे, ही खात्री) असा धडाच होता. ती खात्री असली की मन आवाजाशी भांडत बसत नाही, कामाला लागतं.

समितीचे अध्यक्ष कोंडावार साहेब बटणाच्या खोलीत आले आणि आकडे पाहून खूश झाले. “छान! कोणी दाबतच नाही, तर नुसती बटणं चिकटवून द्या. तारा कशाला?”

“नाही, साहेब,” आत्या म्हणाली. “ती मुलांची फसवणूक होईल. तारा जोडणार, नाही तर बटणं लावणार नाही.”

साहेबांचा चेहरा उतरला. अभ्यासिकेचं गोदाम करायच्या हुकमाचा कागद त्यांच्यापुढे टेबलावरच होता. सुमेधा उठली, बाकापाशी गेली आणि तिने बटण दाबलं. पंखा थांबला. खोलीत सगळ्यांना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

“साहेब, हे खोटं असतं तर मी उद्यापासून आली नसती,” ती म्हणाली. “आणि बाकीच्यांनाही सांगितलं असतं.”

दहा मिनिटांनी पंखा पुन्हा सुरू झाला तेव्हा साहेबांनी गोदामाचा कागद घडी करून खिशात टाकला आणि आत्याला विचारलं, “दोनशे बाकांना तारा जोडायला किती दिवस लागतील?”

“आठ.”

“मी पण येतो तारा ओढायला,” दक्ष म्हणाला. “पण न दाबलेलं बटण कामाला कसं येतं, हे अजून मला समजलेलं नाही. तुमच्या अभ्यासक्रमात यंत्रमानवांना घेतात का?”