येते हं

आईसमोर ‘जाते’ म्हणायची सोय नाही. कोपऱ्यावरून दूध आणायला निघालं तरी ‘येते’ म्हणावं लागतं. ती आमच्याकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आली असताना निमिष, माझा नवरा, एकदा घाईत “चला, मी जातो” म्हणाला. तिनं त्याला दारातून परत बोलावलं, पाणी पाजलं आणि ‘येतो’ वदवून घेऊन मगच सोडलं. त्याची ट्रेन चुकली ती वेगळीच.

मी म्युझियमसाठी चित्रांचे फोटो काढते. माझ्या फाइलमध्ये ब्रशचा अडकलेला केससुद्धा दिसतो, त्यामुळे ‘वाटलं’, ‘भासलं’ असलं काही मला चालत नाही. मार्चमध्ये मी ऑड्री व्हिटकॉमची एकसष्ट चित्रं टिपली. ही बाई डेलावेअर नदीजवळच्या एका फार्महाउसमध्ये तीस वर्षं एकटी राहिली आणि समोरच्या टेकडीवर बसून एकच दृश्य रंगवत राहिली. कापणी झालेलं मक्याचं शेत, त्यातून जाणारा मातीचा रस्ता, रस्त्याच्या शेवटी तिचं पांढरं घर. कधी बर्फ, कधी धुकं. माणूस मात्र एकाही चित्रात नाही. आता त्या घराचंच छोटंसं म्युझियम झालंय.

एप्रिलमध्ये, परतीच्या फ्लाइटआधी, आईला तिथे नेलं. मोज्यांवर कोल्हापुरी आणि वर मी घेऊन दिलेला जांभळा स्वेटर, असा तिचा थाट. दारात चपला काढायला लागली, तिला कसंबसं थांबवलं. शेवटच्या मोठ्या चित्रासमोर ती बराच वेळ उभी होती.

“हिला कुणीच नव्हतं का गं?”

मी ते डोरथीला विचारलं. डोरथी तिथली म्हातारी गाइड, ऑड्रीला ओळखणारी. ती म्हणाली, “रस्ता रिकामा का, असं लोक विचारायचे. ऑड्री म्हणायची, जो ‘येतो’ म्हणेल त्याच्यासाठी मोकळा ठेवलाय.”

निघताना आईनं चित्राला हात जोडले. “येते हं, बाई.”

“काय म्हणाल्या त्या?” डोरथीनं विचारलं.

नुसतं ‘बाय’ सांगून भागलं असतं. पण मला गंमत सुचली. मी शब्दशः इंग्रजी केलं, “ती म्हणतेय, मी येतेय.”

डोरथी हसली नाही. ती चित्राकडे बघत राहिली.

मे महिन्यात तिचा फोन आला, मोठं चित्र जरा तपासशील का म्हणून. रस्त्याच्या अगदी अलीकडच्या टोकाला, घरापासून लांब, तांदळाच्या दाण्याएवढा जांभळा ठिपका होता. लेन्स लावली तर पाठमोरी बाई दिसली. मार्चच्या फाइलमध्ये तिथे नुसती माती होती. कुणी नंतर रंगवलं म्हणावं, तर चित्रावरचे साठ वर्षांचे बारीक तडे तिच्या अंगावरूनही सलग गेलेले होते. नवा रंग असा तडकत नाही.

“यार नीला, डाग असेल,” निमिष म्हणाला.

त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आई स्वेटर घालून बसलेली होती. नागपुरात पंचेचाळीस डिग्री.

“गार वाटतंय गं. आणि पाय भरून येतात, खूप चालल्यासारखे.”

शेजारच्या यामिनीमावशींनी तिला डॉक्टरकडे नेलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल.

जूनमध्ये ती बाई अर्ध्या रस्त्यावर होती. जुलैमध्ये घराच्या फाटकाशी.

मला भीती वाटली. मी चित्रासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं इंग्रजीत म्हणाले, “ती येत नाहीये. आमच्यात निरोप घेताना असंच म्हणतात.”

मागून डोरथी हळूच म्हणाली, “पण ती म्हणाली ना.”

शनिवारी सकाळी आईला फोन लावला. चेहरा टवटवीत, अंगात स्वेटर नाही.

“आज अगदी बरं वाटतंय. पाय दुखायचे थांबले.”

“खरंच?”

“हो गं. बरं, ठेवते आता. जाते.”

“आई, येते म्हण.”

ती नुसती हसली.

“आई, येते म्हण ना!”

फोन बंद झाला. परत लावला, तर वाजतच राहिला.

मी गाडी काढली आणि तशीच म्युझियमला गेले.

चित्रातला रस्ता मोकळा होता, मार्चमध्ये होता तसा. लेन्स लावून मी तो इंच इंच तपासला. मग लेन्स चित्रातल्या घराकडे सरकवली.

पांढऱ्या दाराबाहेर, पायरीच्या कडेला, कोल्हापुरी चपला नीट जोडून काढून ठेवल्या होत्या.