मागे सरकलेली पिन

"मॅडम, वालावलात येवक जमात? एक गाडी बघूची आसा. आमी एका पोराक धरून ठेवलाव, पण माझा मन खाता."

हवालदार बाबलीचा हा फोन आला आणि मोटार वाहन निरीक्षक आकांक्षा परब लगेच निघाली.

वालावलातल्या आनंदीबाईंना लाकडं काढताना नाग चावला होता. दारात गाडी उभी होती. स्टार्टर फिरत राहिला, पण इंजिन पेटलं नाही. रिक्षा येईपर्यंत उशीर झाला आणि दवाखान्याच्या वाटेवरच त्या गेल्या. गॅरेजवाल्या सुशांतने सर्व्हिसिंग करताना मुद्दाम बिघाड करून ठेवला, अशी तक्रार मुलाने, सर्वेशने दिली. आनंदीबाईंची मुलगी दिव्या हिला सुशांतने मागणी घातली होती. घरच्यांनी त्याला हाकलून दिलं होतं. गावाला तेवढं कारण पुरलं.

आकांक्षाने चावी फिरवली. स्टार्टर जोमात फिरला. तिची नजर मात्र इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर होती. तो शून्यावरून हलला नाही.

"इंजिन फिरतंय, पण गाडीच्या कॉम्प्युटरला ते कळतच नाही," ती बाबलीला म्हणाली. "ते सांगायचं काम क्रँक सेन्सरचं. त्याची खबर आली नाही की ठिणगी पडत नाही, पेट्रोलही सुटत नाही."

"सुशांतान जुनो सेन्सर घातल्यान आसतलो," दारातून सर्वेश म्हणाला.

आकांक्षाने मीटर लावून सेन्सर तपासला. ठणठणीत होता. वायरही कुठे तुटली नव्हती. मग ती गाडीखाली शिरली. सेन्सरचा प्लग जागेवर घट्ट बसलेला होता. तिने तो काढून आत बॅटरीचा उजेड मारला. एक पिन बाकीच्यांच्या मागे सरकलेली होती. वायर जराशी ओढताच पिन हातात आली. खाऱ्या हवेचा हिरवा गंज कुठेच नव्हता. पिन अडकवून ठेवणारी पत्र्याची जीभ मात्र चपटी झाली होती आणि तिच्यावर ताजा ओरखडा होता.

ती गाडीखालून बाहेर आली.

ओसरीवर आनंदीबाईंचे पती लवू बसले होते.

"नाग चावला त्याआधी गाडी शेवटची कधी चालवली?"

"आदल्या सांजेक. मीच देवळात जावन इलंय. कायएक त्रास नाय."

"मग रात्रभर कुठे होती?"

"हयच. फाटकाक कुलूप."

"सर्वेश काय करतो?"

"मालवणात बोटींची इंजिनां दुरुस्त करता. आयटीआय झालो मा तो."

दिव्याला तिने माडाखाली बाजूला घेतलं.

"त्या दिवशी चावी कुणी फिरवली?"

"मी. मी तयारच होतंय. कुडाळाक जावचा होता."

"कशाला?"

दिव्याने ओसरीकडे पाहिलं. आवाज खाली आला. "रजिस्टर लग्न. सुशांत थंय माझी वाट बघी होतो."

"घरात कुणाला माहीत होतं?"

"कोणाक सांगूक नव्हता. पण लग्नाची नोटीस रजिस्ट्रार ऑफिसात लागलेली."

"गाडी चालू होईना, तेव्हा बॉनेट कुणी उघडलं?"

"बाबांनी. तेंका काय कळता त्यातला?"

"आणि सर्वेश?"

"तो रिक्षा हाडूक धावलो. मी चावी फिरवलंय, आणि तो धावलोच."

आकांक्षा ओसरीवर परत आली. सर्वेश खांबाला टेकून उभा होता.

"बाबली, सुशांतला सोडा," ती म्हणाली. "त्याच्या हातून गेलेली गाडी त्यानंतर नीट चालत होती. पिन आदल्या संध्याकाळनंतर, कुलूपबंद फाटकाच्या आत काढली गेली. ती आपोआप सुटत नाही. बारीक हत्याराने जीभ दाबावी लागते, आणि कुठली पिन काढायची ते माहीत असावं लागतं. शिवाय सुशांत तर याच गाडीची कुडाळात वाट बघत होता. दिव्याशी त्याचं लग्न होतं त्या दिवशी. ती पोहोचू नये असं वाटणारा माणूस घरातला होता."

लवूंनी मान वर केली.

"सर्वेश, या घरात इंजिनातलं कळणारे तुम्ही एकटे. आई तडफडत होती आणि तुम्ही बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी चालू होणार नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

सर्वेश खांबाला धरून खाली बसला.

"नोटिशीचा माका कळलेला," तो म्हणाला. "माका वाटला, दुपारी गपचूप परत लावतलंय. आई लाकडां काढूक जायत, तिका नाग... ह्या कोणाक ठावक होता?"

"मग तेव्हाच कित्याक नाय लावलंस?" दिव्याने विचारलं.

"सगळ्यांसमोर गाडयेखाली शिरलंय असतंय तर कळला असता. वाटला, रिक्षा बेगीन मिळात."

"पिन लावूक कितको वेळ लागतलो होतो रे?"

सर्वेशने चेहरा हातात लपवला. "रिक्षा हाडूक लागलो, त्याच्या निम्मोय नाय."

 मग लवू उठले. पोराजवळ गेले, तेव्हा बाबली मारामारीच्या भीतीने पुढे सरसावला. पण लवूंनी वाकून सर्वेशचा दंड धरला आणि त्याला उभं केलं.

"चल," ते म्हणाले. "माका सांगलंस, आता पोलीस ठाण्यात जावन सांग. मी येतंय तुझ्यावांगडा."

दिव्या जागची हलली नाही. बापलेक फाटकाबाहेर पडले, पोलिसांची जीप निघून गेली, तरी ती गाडीकडे पाठ करून उभीच होती.