भोंग्यावरची फळी

फोनोग्राफची जुनी पेटी घेऊन शिक्षिकाबाई दुकानात आल्या, तेव्हा मिस्त्री दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटाला नावं ठेवत होता. नावं ठेवणं हा त्याचा अर्धा धंदा. हात चांगला होता, नाही असं नाही, पण जीभ पटाशीहून धारदार. बाकीचे सुतार त्याच्या लेखी खोकी ठोकणारे, गिऱ्हाइकं आंधळी, आणि बायकोला तर उठताबसता टोमणे. या जिभेवाचून आपल्याला कुणी ढुंकूनही बघणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"यंत्र दुसरीकडे दुरुस्तीला दिलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही लाकूड तेवढं उजळून द्या. आणि ही आतली फळी काढू नका हं. सासऱ्यांनी स्वतः बसवलीय."

आवाज बाहेर यावा म्हणून अशा पेटीच्या पोटात लाकडी भोंगा असतो. त्या भोंग्याच्या तोंडावरच सासऱ्यांनी खोक्याची फळी सरसाने चिकटवली होती. तीही तिरकी.

"सासरे सुतार नव्हते, एवढं कळलं," मिस्त्री म्हणाला.

बाई गेल्या. जुन्या लाकडाच्या कामात आधी हौशी हातांची घाण काढायची, मग पॉलिशला हात लावायचा, हा मिस्त्रीचा नियम. बाईंचं ऐकायला तो काय त्यांचा विद्यार्थी होता? गरम पाण्याचं फडकं ठेवून त्याने जुना सरस मऊ केला आणि फळी उचकटली.

भरदुपार होती, रस्त्यावर हातगाड्या खडखडत होत्या. भोंग्यातून मात्र कोंदट ऊब आली. तोंड न धुतलेल्या माणसाच्या श्वासासारखा वास होता तिला.

"हात जड आहे तुझा..." आतून कुणीतरी म्हणालं.

मिस्त्रीने मागे पाहिलं. कुणी नव्हतं. बायको दुकानामागच्या स्वयंपाकघरात.

"पॉलिश करतोस... की शेण सारवतोस?" आवाज म्हाताऱ्याचा होता, अपमान चवीने चघळणारा.

मिस्त्रीच्या अंगावर सरसरून काटा आला. दुसरा कुणी असता तर धूम ठोकली असती. पण भीती परवडली, पाणउतारा परवडला नसता. त्याने भोंग्यात तोंड खुपसलं आणि म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ठेवणीतलं सगळं बाहेर काढलं. आत कुणीतरी अगदी मन लावून ऐकत होतं.

"बोल ना..." आवाज हळूच म्हणाला. "आणखी... आणखी जवळ ये..."

आता मात्र तो झटकन मागे सरला. फळीला सरस फासून त्याने ती भोंग्यावर दाबली आणि शिकंजा आवळला. सगळं शांत झालं.

"चहा," बायको कप ठेवत म्हणाली. चहा गार आहे, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"आज जीभ कुठे गहाण ठेवलीत?" असं म्हणून ती आत गेली.

तो फळीवर तुटून पडला. गरम फडकं लावलं, पटाशी घातली, पटाशीचं पातं मोडलं. आत्ताच लावलेला ओला सरस दगड झाला होता. शेवटी त्याने कुऱ्हाड उचलली, तोच बाई दारात हजर.

"अहो! यंत्रवाला म्हणाला, पेटीचं माप हवं, म्हणून न्यायला आले... हे काय चाललंय?"

बायको बाहेर धावली. मिस्त्री फळीकडे, गळ्याकडे बोटं दाखवत होता. माशासारखं तोंड उघडमीट करत होता.

"आमचे सासरे अस्सेच करायचे," बाई चकित होऊन म्हणाल्या. "फळी बसवली त्या दिवसापासून मरेपर्यंत शब्द नाही. त्याआधी काय तोंड होतं त्यांचं! घराला जीव नकोसा व्हायचा."

बायकोने नवऱ्याकडे नीट बघून घेतलं. मग तिने त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

"घेऊन जा बाई," ती म्हणाली. "पॉलिशचं राहू दे. आणि ती फळी कुणालाही काढू देऊ नका."

मिस्त्री पेटीला मिठी मारून बसला. बायकोने त्याचं एकेक बोट सोडवायला घेतलं. कान लाकडाला चिकटला होता, म्हणून त्याला ऐकू आलं. आत म्हातारा कुजकट हसत होता आणि मिस्त्रीचा स्वतःचा आवाज म्हाताऱ्याला शिव्या हासडत होता.

"गप्प बसा रे दोघं..." त्यांच्याही खालून एक तिसरा आवाज म्हणाला.

आणि जन्मात कुणापुढे न थांबलेला मिस्त्रीचा आवाज निमूट गप्प झाला.