वीणा गळ्यात असताना

योगिनीच्या दोन्ही हातांना निळी शाई लागलेली होती, आणि नेमका तेव्हाच तो दारात येऊन उभा राहिला.

दार म्हणजे तळवली नाक्यावरच्या तिच्या फ्लेक्सच्या दुकानाचं. डिसेंबरची सकाळ होती. खाडीकडून आलेलं धुकं अजून रस्त्यावर रेंगाळत होतं. आत मशीन कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर हळूहळू बाहेर सोडत होतं... आधी टोपी, मग गॉगल, मग मिशीचं एक टोक.

"जरा घाई आहे," तो म्हणाला. "आजच छापून मिळेल?"

"मिशी पूर्ण होऊ दे आधी. अर्धी मिशी दिली तर गावात तोंड दाखवता यायचं नाही मला."

तो हसला. चष्म्याआडचे डोळे तोंडापेक्षा जास्त हसले, हे तिच्या लक्षात आलं आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. तिनं कोपरानंच खुर्ची पुढे सरकवली आणि त्याचा पेनड्राइव्ह लावला.

पडद्यावर आमदार धनेशशेठ हात जोडून उभे राहिले. गावठाणाच्या घरांवरच्या विधेयकाला विधानसभेत विरोध केल्याबद्दल त्यांचे जाहीर आभार. आणि खाली, लहान अक्षरांत एक ओळ – 'आईनं लिंपलेली भिंत सरकारच्या नकाशात दिसत नाही, म्हणून ती नसते असं नाही.'

योगिनी त्या ओळीपाशी थांबली. रोज दहा पुढाऱ्यांचे बॅनर तिच्या हाताखालून जायचे, पण असं काळजाला हात घालणारं वाक्य कधी आलं नव्हतं. तिच्याच घराची गोष्ट होती ती. कुटुंब वाढलं तशा तिच्या आजोबांनी मागच्या अंगाला दोन खोल्या काढलेल्या. गावठाणाची रेघ नेमकी चूल आणि देवघर यांच्या मधून जायची. चूल कायदेशीर, देव बेकायदा. नवं विधेयक आलं की रेघेपलीकडची घरं पाडून तिथं टॉवर उभे राहणार, असं सगळे बोलत होते.

"हे मतदान झालं कधी?" तिनं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात आहे. नागपूरला."

"आणि आभार आत्ताच?"

"छापून ठेवायचे. बातमी आली की तासाभरात नाक्यानाक्यावर लागले पाहिजेत."

"आणि शेठनी विरोध नाहीच केला तर?"

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "करणार ना. भाषण मीच लिहिलंय त्यांचं. ही ओळपण माझीच आहे."

त्याचं नाव कुंदन. जासईचा. शेठच्या ऑफिसात भाषणं, पत्रं, पत्रकं लिहायचा. पण त्या दिवशी योगिनीला तो आमदाराचा माणूस वाटलाच नाही. त्या ओळीचा माणूस वाटला.

मग काय, बॅनरमध्ये चुकाच चुका निघू लागल्या. एकदा शेठचा कुर्ता जास्त पिवळा दिसत होता, एकदा हात जोडल्यावर करंगळी वाकडी दिसत होती. करंगळी सरळ करायला तो शेठच्या महाप्याच्या ऑफिसातून स्कूटरनं आला, तेव्हा योगिनीनं विचारलं, "फोनवर सांगता आलं नसतं?"

"फोनवर तुझ्या हातावरची शाई दिसत नाही."

तिनं मशीनकडे तोंड फिरवलं. पण संध्याकाळी हात धुताना तिनं साबण जरा बेतानंच लावला.

तिचे बाबा जोतीराम गावच्या भजनात पुढचे टाळकरी. कुंदनचे आजोबा जासईला पखवाज वाजवायचे म्हटल्यावर त्यांनी त्याला एकदा घरी चहालाच नेलं. गळा गोड होता पोराचा. त्यानं एक चाल म्हटली, तर बाबांचे डोळे भरून आले. हरीचं नाव ज्याच्या गळ्यात असं बसतं त्याच्या पोटात कपट नसतं, अशी बाबांची साधी समजूत. आईनं त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढले, ते योगिनीकडे बघत वाढले.

कुंदन नागपूरला गेला. मतदानाच्या दिवशी योगिनीनं दुपारी दोनदा फोन केला, तो उचलला गेला नाही. संध्याकाळी नाक्यावर बॅनर चढले. शेठ परत आले, गावात सभा झाली. विधेयक मंजूर झालं खरं, पण मी कडाडून विरोध केला आणि आपलं गाव त्यातून सोडवून घेतलं, असं शेठ म्हणाले. आता नकाशांवर हरकती मागवतील, पण आपल्याला हरकत घ्यायची गरज नाही, उगाच वरचे साहेब दुखावतील, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या.

कुंदन स्टेजच्या मागे उभा होता. टाळी वाजवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा योगिनीनं मशीन बंद केलं. एकाएकी एवढी शांतता झाली की बाहेरच्या पानवाल्याचा रेडिओ ऐकू येऊ लागला.

"शेठ काय म्हणाले रे सभागृहात? होय की नाही?"

"आवाजी मतदान होतं ते," कुंदन म्हणाला. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही. सगळे एकदमच ओरडतात. कोण काय म्हणालं त्याची कुठे नोंद राहत नाही."

"ते कळलं मला. चित्रफीत बघितली मी. नुसता गलका. नावानिशी मतं मोजा अशी मागणी करता येते, तीपण कोणी केली नाही. शेठनीसुद्धा नाही. म्हणून तर तुला विचारतेय. तू वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात बसला होतास."

त्यानं चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसायला लागला.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "स्वच्छ आहे तो."

तो तसाच चष्मा हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला की शेठनी त्याच्या वडिलांचं ऑपरेशन करून दिलं होतं, धाकट्या बहिणीला कॉलेजात घातलं होतं. असल्या माणसाबद्दल तोंड कसं उघडायचं. तो आणखी काही सांगणार होता, पण योगिनीला पुरलं तेवढं. त्यातच उत्तर होतं, आणि तरीही ते उत्तर नव्हतं. हे घेऊन ती गावात कुणाकडे जाणार?

"ती ओळ तुझी होती ना?" तिनं विचारलं. "आईनं लिंपलेल्या भिंतीची. मला वाटलं, जो असं लिहितो तो..." तिनं वाक्य सोडून दिलं. "सप्ता संपला की दुसऱ्या दिवशी हरकतींची मुदत संपते. गावातलं कोणी हरकत घ्यायला जाणार नाही, बाबापण नाहीत. शेठचा अपमान होईल म्हणतात. तोवर तुला खरं बोलता आलं तर ये. नाही आलं तर करंगळीचं निमित्त काढून येऊ नकोस."

तो गेला. स्कूटर चालू व्हायला फार वेळ लागला.

गावच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला. आता ज्यांनी सप्ताह पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. सप्त्यात वीणा उभी राहते, म्हणजे सात दिवस ती जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. प्रत्येक घराचा पहारा ठरलेला. आणि ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पायावर सगळं गाव डोकं ठेवतं. मग तो शाळकरी पोर असो की म्हातारा. नमस्कार माणसाला नसतो, तो ज्याचं नाव चाललंय त्याला असतो. म्हणून वीणा गळ्यात असताना भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, एवढी आण गाव पाळतं.

सगळे दिवस योगिनी बायकांच्या रांगेत टाळ घेऊन बसत होती आणि तिचा ठेका चुकत होता. तिनं बाबांना एकदा सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, नुसत्या संशयावर माणसाला खोटं पाडू नये गं पोरी. तिला पुढे बोलता येईना. संशयच तर होता. खात्री ज्याच्याकडे होती, तो जासईला तोंड मिटून बसला होता.

सप्त्याच्या शेवटच्या, काल्याच्या दिवशी सकाळी ती देवळात पोचली, आणि पायरीवरच थबकली.

कीर्तनकार बुवांच्या मागे, टाळकऱ्यांच्या मधोमध, गळ्यात वीणा घालून कुंदन उभा होता. पांढरा सदरा. चष्मा नव्हताच. कपाळी बुक्का.

तिनं बाबांकडे बघितलं. बाबा कानाशी येऊन पुटपुटले की पहाटेच आला पोर, म्हणाला काका, तुमचा पहारा आज मला द्या. "गुडघा दुखत व्हता माझा. दिला."

मंडप गच्च भरला होता. बुवांनी काल्याचा प्रसंग रंगात आणला होता... गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जात होत्या, कोणाची भाकरी कोणती ते उरलं नव्हतं. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती त्या तारांवर फिरणाऱ्या बोटाकडे बघत होती.

धनेशशेठ आले. लोक बाजूला झाले, वाट झाली. रिवाजाप्रमाणे ते आधी वीणेकऱ्याकडे गेले, वाकले, डोकं पायाला लावलं. मान वर करताना त्यांनी पाहिलं, हे पाय कोणाचे.

"तू?" ते हळूच म्हणाले. "अरे, मला वाटलं तू सुट्टीवर."

कुंदन तार छेडत राहिला. उत्सवाचे कारभारी कोंडिबा माईकवर आले. गावासाठी सभागृहात विरोधात उभं राहिलेल्या आपल्या शेठचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, असं त्यांनी जाहीर केलं. शाल उघडली. टाळ्यांसाठी हात वर झाले.

"थांबा," कुंदन म्हणाला.

माईक त्याच्यापाशी नव्हता, पण पोहोचलं सगळ्यांना. वीणेची तार तेवढी वाजत राहिली. ती थांबवायची नसते.

"शेठ, माझ्या घरावर तुमचे उपकार आहेत. ते मी फेडीन. पण गळ्यात ही असताना माझ्याच्यानं गप्प राहवत नाही." त्यानं वीणा सावरली. "मी सज्जात होतो. तुम्ही होय म्हणालात. आपलं गाव त्यातून वगळलेलं नाही. भाषण मी लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलंच नाही. आणि आभाराचे बॅनर मीच छापून घेतले होते. माझाही त्यात हात आहे."

मंडपात एक मूल रडायला लागलं. शेठचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ते बाबांकडे वळले. "काका, पक्षाचा आदेश होता. माझ्या एकट्याच्या नाहीनं काय झालं असतं?"

बाबांनी हातातले टाळ खाली ठेवले. "काय बी नसतं झालं," ते म्हणाले. "पन घरी येऊन सांगितलं असतंस, तर आमी हरकत तरी घेतली असती."

शेठनी मान खाली घातली. कोंडिबांच्या हातातली शाल त्यांनी स्वतःच घडी करून परत दिली. जाता जाता कुंदनच्या कानाशी म्हणाले, उद्यापासून ऑफिसात येऊ नकोस. आणि, काय सांगावं, जाताना पुन्हा एकदा वीणेला हात लावून गेले.

कोंडिबांनी माईक हातात घेतला. उद्या हरकतींचा शेवटचा दिवस हाय, सकाळी सगळ्यांनी घरांचे कागद घेऊन इथंच जमायचं, बेलापूरच्या कचेरीत एकत्रच जाऊ. बुवांनी डोळे मिटून गजर सुरू केला आणि सगळा मंडप उभा राहिला.

दहीहंडी फुटली. लाह्या-दह्याचा काला वाटला जाऊ लागला. कुंदन अजून तिथंच होता. वीणा घ्यायला कोणी आलं नव्हतं आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत ती खाली ठेवता येत नव्हती.

योगिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दे. पहारा आमच्याच घरचा आहे."

"मागून घेतली मी ती," तो म्हणाला. "बिनवीणेचा आलो असतो तर पुन्हा चष्मा पुसत बसलो असतो."

"म्हणून चष्माच घरी ठेवलास?"

"हो. त्यामुळे शेठचा चेहरा नीट दिसला नाही, ते बरं झालं." तो अर्धं पाऊल पुढे आला. "तुझा मात्र दिसतोय."

त्यानं वीणा स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातली. रिवाज असा की देणारा आणि घेणारा दोघं एकमेकांच्या पायाला हात लावतात. ते दोघं एकाच वेळी वाकले. टाळूला टाळू आपटली. बायकांच्या रांगेतून कमळीकाकू म्हणाली, "आता अक्षताच तेवढ्या राहिल्या गं." सगळ्या हसल्या.

योगिनीचं बोट तारेवर फिरू लागलं. कान तापले होते.

"आता तुझ्या गळ्यात आहे," कुंदन हलक्या आवाजात म्हणाला. "नोकरी नाही माझ्याकडे. घरचं ओझं तेवढंच आहे. तरी... एक विचारू? खोटं बोलता यायचं नाही हं तुला."

"असं गुपचूप नाही," ती म्हणाली. "गलक्यात कोण काय म्हणालं ते कळत नाही. सरळ विचार."

त्यानं आजूबाजूला बघितलं. बाबा द्रोण हातात घेऊन तीन पावलांवर उभे होते. तो ताठ उभा राहिला.

"योगिनी, माझ्याशी लग्न करशील?"

"होय," ती म्हणाली. नावानिशी मोजता येईल, इतकं स्पष्ट.

बाबांनी द्रोणातला उरलेला काला सावकाश संपवला, धोतराला हात पुसला आणि दोघांकडे न बघता हाक घातली, "अरे, पुढचा पहारा कोन घेतंय? पोरीला मोकळी करा कोनीतरी. घरी बोलनी करायची हायत."