अनुमोदक कोण?

मळवलीचं रेल्वे फाटक पडलं आणि एक बुलेट माझ्या स्कूटीला खेटून उभी राहिली. मी पत्रकं वाटतच होते – त्यालाही दिलं.

"अण्वस्त्रं नकोत?" त्यानं मोठ्यानं वाचलं. "मॅडम, हे आधी शेजारच्या देशात वाटा की!"

"व्हिसा काढा. तुमच्याच बुलेटवरून जाऊ."

तो हसला. मेल्याला खळीही पडत होती! आमच्याच गावच्या खालच्या आळीतला विक्की निघाला. मी पुण्याहून शिकून नुकतीच परतले होते, म्हणून ओळखला नाही.

मग रोज संध्याकाळी फाटक पडावं असं मला वाटू लागलं. भांडण मात्र तेच. त्याचा थोरला भाऊ राजेंद्र फौजेत, सीमेवर.

"बॉम्ब आहे म्हणून कुणी हात लावत नाही, कोमल."

"आणि कुणाचा तोल गेला तर? सगळ्यात आधी तुझ्या दादासारखी…" मी जीभ चावली.

त्यानं बुलेटला किक मारली आणि निघून गेला.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार होते, की सगळ्या देशांनी मिळून अण्वस्त्रं मोडीत काढावीत. नेमका त्याच आठवड्यात सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि राजेंद्रचा फोन लागेना. तरी मी मांडला.

"अनुमोदक कोण?" सरपंच हौशीराम आबांनी विचारलं. "दुसरं कुणी उठलं न्हाई तर ठराव पडला, पोरी."

कुणी उठेना. मागून कुणीतरी पुटपुटलं, "पोरं तिकडं लढत्यात, अन् हिला हे सुचतंय."

विक्की उठला. मला वाटलं, हा आता भर सभेत माझ्याविरुद्ध बोलणार! पण त्यानं फक्त आईला हात दिला. नंदाबाई उभ्या राहिल्या.

"माझं पोरगं तितं हाय. त्यो बॉम्ब पडला तर म्या कुणाला जाब इचारू? लिवा माझं नाव."

एकेक हात वर झाला. ठराव कसाबसा मंजूर झाला.

बाहेर मी विक्कीला गाठलं. "आईंना तू तयार केलंस?"

"छे! तुझी पत्रकं तिला वाचून दाखवायचो… तुला उत्तर काय द्यायचं ते विचारायला. तिचंच मत फिरलं."

"आणि तुझं?"

"मला अजून पटलेलं नाही." तो अडखळला. "पण तू आवडतेस, कोमल. लय आवडतेस… घरी येशील? दादाचा फोन येईपर्यंत?"

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले आणि मागून बाहेर आलेल्या नंदामावशींचा हात धरला. त्यांच्या मुठीत मोबाईल होता. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघतच चालत होतो.