चाकामागचा दगड

माझा धाकटा दीर आकाराम कराडात गाड्या दुरुस्त करतो. त्याला दारूचं व्यसन नाही आणि खोटं रचायची अक्कलही नाही, म्हणून हे लिहिते आहे. ज्याला पटत नाही त्याने वाचू नये.

त्र्याहत्तर साल. तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सांजेला त्याचा दोस्त मानसिंग दारात आला. पलटणीतून सुटून आल्यावर त्यानं लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप घेतली होती. ती गूळ भरून कोयनानगरच्या अलीकडं चढावर बसली होती.

"क्लच गेला गड्या."

"गिअर टाकल्यावर खालचा लांब दांडा फिरतोय का?"

"फिरतोय की. गाडीच जागची हलंना."

"मग क्लच कशाला जातोय? मागचा एक्सल तुटलाय. चल."

मी भाकरी बांधून दिली आणि बजावलं, "चाकामागं दगड लावलाय तो निघताना उचला. तुमा लोकांची खोडच हाय, गाडी सुरू झाली की दगड रस्त्यातच." मागच्या पावसाळ्यात त्याच चढावर असल्या दगडावर सायकल आदळून एक दूधवाला मेला होता.

"उचलतो वैनी," आकाराम म्हणाला.

पोचले तेव्हा रात्र झाली होती. वर चांदणं, पण रस्त्यावर झाडीचा अंधार. एक्सलचा मोडका तुकडा मागच्या दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात, डिफरन्शियलमध्ये, अडकला होता. तो काढायला दुसऱ्या बाजूचा चांगला एक्सलही ओढून काढावा लागला. आता गिअर टाकूनही गाडी थांबणार नव्हती, आणि हँडब्रेक तर गाडी घेतली तेव्हापासूनच नव्हता. गुळासकट सगळी गाडी एका काळ्या दगडावर उभी. आकाराम मागून तिच्याखाली उताणा शिरला. मानसिंग डबा घेऊन खाली ओढ्याला पाणी आणायला गेला.

थोड्या वेळानं चाकापाशी कुणीतरी म्हणालं, "झालं का? दगुड उचलू का?"

"खुळा हायस का रं? दोनी एक्सल भाईर हायती."

आकारामनं गोळ्यात बोटं घातली. तुकडा हलला.

"रस्त्यात दगुड बरा न्हवं. उचलू का?"

"थांब म्हटलं न्हवं मानसिंग."

तेवढ्यात पार खालून, ओढ्यातून, मानसिंगची हाक आली.

"आकाराम... कंदील हालीव रं. वाट दिसंना."

आकारामचा हात थांबला.

कंदील चाकाजवळच होता. चाक दिसत होतं. दगड दिसत होता. पाय... कुणाचेच पाय नव्हते.

दगड घासला. जरासा.

गाडी करकरली.

सरकावं तरी मागं उतारच. चाक अंगावरूनच जाणार...

"मी उचलतो," आकाराम म्हणाला. "काम झालं की... मी सोता उचलतो. शप्पत."

...

दगड परत चाकाला लागला.

पुढं एक्सल कसे बसवले, बोल्ट कसे आवळले, त्याला आठवत नाही. मानसिंगला तो काही बोलला नाही. गाडी चढ चढली. कोयनानगरात गूळ उतरवताना मात्र त्याच्या ध्यानात आलं. दगड रस्त्यातच राहिला होता.

"सकाळी जाताना उचलू की," मानसिंग हसला. "दगुड काय पळून जातोय व्हय?"

उजाडल्यावर दोघं चढावर आले. दगड नव्हता.

त्याच पहाटे मी कराडात सडा टाकायला दार उघडलं. उंबऱ्याबाहेर मोठा काळा दगड. वर काळं ऑईल, ओलं. गल्लीतल्या पोरांचा चावटपणा म्हणून मी शिव्या घातल्या.

दुपारी आकाराम आला. दगड बघून रस्त्यातच खाली बसला.

"वैनी, ह्यो कवा आला?"

"तुझ्या आधी."

मग त्यानं सगळं सांगितलं. ऐकून मी पुन्हा बाहेर आले, दगड नीट पाहिला. कुणी टाकून दिलेला नव्हता तो. चाकाला लावतात तसा, आमच्या दाराला लावलेला होता, शपथ घेतलेल्यानं येऊन उचलावा म्हणून.