फूल जमिनीला टेकेपर्यंत

मिरजेच्या मज्जा-प्रयोगशाळेत बॅडमिंटनपटू ऋजुता चौगुलेच्या मानेवरची ‘पूर्ववेध-पट्टी’ सोलून काढली जात होती, तेव्हा तिचे प्रशिक्षक शिवदास घोरपडे कोपऱ्यातल्या स्टुलावर जीव मुठीत धरून बसले होते. विश्वक्रीडा महोत्सवाला महिना उरला होता. तिथे दारातच खेळाडूच्या अंगावरचं प्रत्येक यंत्र हुडकून काढतात, तेव्हा पट्टी घेऊन जाण्याची सोय नव्हती.

“पट्टी गेली म्हंजे सगळंच गेलं की वो मॅडम,” ते म्हणाले.

डॉ. यास्मिन मुल्लाणी हसल्या. “काही गेलं नाही, सर. स्मॅश आला की फूल बघून, विचार करून हलायला वेळच नसतो. पण फूल सुटायच्या आधी समोरच्याचा खांदा सगळं सांगून टाकतो. डोळ्यांना तो दिसतो, पण मेंदू निर्णय घेईपर्यंत उशीर झालेला असतो. पट्टी मेंदूला वगळून खांद्याची खबर थेट मज्जारज्जूला देत होती. आठ महिन्यांत मज्जारज्जूच ते शिकला. सायकल यायला लागली, की मागून धरणारा हात सोडतो ना, तसं आहे हे.”

“मग झालं तर!”

“एकच रुखरुख आहे. मी म्हणत होते, पोरीच्या मनात आलं की ही क्रिया थांबावी. तुम्ही ऐकलं नाहीत.”

घोरपड्यांनी हात झटकला. दोन वर्षांपूर्वी ऋजुतानं एक फूल बाहेर जातंय म्हणून सोडलं, ते रेषेवर पडलं आणि हातातलं पदक गेलं. घोरपड्यांच्या तालमीत तीस वर्षं एकच कायदा होता. फूल सोडलं, की मैदानाला वीस फेऱ्या. पंच काहीही बोलोत, फूल जमिनीला टेकेपर्यंत खेळ चालू. म्हणून थांबायची खूणही त्यांनी तीच ठरवली होती. फूल जमिनीला टेकलेलं दिसलं, की अंग सैल. माणूस हट्टाला पेटला, की शास्त्रज्ञाचंही काही चालत नाही.

महोत्सवात ऋजुतानं अंतिम सामन्यापर्यंत कुणाला डोकं वर काढू दिलं नाही. अंतिम सामन्यात समोर मार्टा होती, उत्तरेच्या एका छोट्या देशातली, तिचंही तसंच. पहिल्या गुणासाठी ऋजुतानं सर्व्हिस केली आणि फूल खाली पडेना.

पन्नास फटके झाले, शंभर झाले. प्रेक्षक मोठ्यानं मोजायला लागले. यंदापासून कृत्रिम पिसांचं, कधी न विस्कटणारं फूल आलं होतं, त्यामुळे ते बदलायलाही खेळ थांबत नव्हता. घोरपडे खुशीत मांडीवर थाप मारत होते. तीनशेच्या पुढे त्यांची थाप थांबली. ऋजुताचा खांदा जेमतेम हलायचा, तोवर मार्टा तिथे जाऊन पोचलेली असायची.

“मॅडम,” त्यांनी शेजारी बसलेल्या यास्मिनना विचारलं, “ती मार्टा फूल बघतीया का खांदा?”

यास्मिनचा चेहरा पांढराफटक पडला होता. “खांदा. सर, माझा शोधनिबंध सगळ्या जगानं वाचलाय.”

“आन थांबायची खूण?”

“निबंधात लिहिली तीच. तुमची.”

दोघींपैकी कुणी चुकणार नव्हतं, म्हणजे फूल पडणार नव्हतं, म्हणजे दोघी थांबणार नव्हत्या. पाय थकले तर माणूस बसतो, पण यांच्या पायांना मेंदूचा ‘थांब’ पोचायची वाटच मध्ये बंद केलेली होती.

“सर!” ऋजुता धावता धावता ओरडली. तिचे ओठ निळसर झाले होते. “थांबता येत नाही! मी मारत नाहीये, सर!”

“जाळ्यात घाल फूल, पोरी! जाळ्यात!”

“हात ऐकत नाही!”

यास्मिन पंचाकडे धावल्या. पंचानं ‘लेट’ पुकारलं, म्हणजे गुण रद्द, खेळ थांबवा; दोनदा पुकारलं. शब्द कानापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. नववं मिनिट लागलं. मार्टाच्या नाकातून रक्त यायला लागलं, तशी मोजणी बंद पडली.

“हृदय फार तर दोनेक मिनिटं काढेल,” यास्मिन परत येऊन म्हणाल्या.

घोरपडे उठले. एकसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी त्यांनी जाळ्याकडे धाव घेतली आणि ऋजुताच्या बाजूच्या कोर्टात शिरून, हात उंचावून, फूल हवेतच धरलं.

दोघी मुली जागच्या जागी थांबल्या. घोरपड्यांना रडू फुटलं. वाचली पोर, त्यांना वाटलं.

मग त्यांनी नीट बघितलं. ऋजुताचे गुडघे वाकलेलेच होते, रॅकेट उगारलेली होती, मानेवरची शीर थाडथाड उडत होती. तिची नजर त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी श्वास घेतला, खांदा जरा वर झाला, आणि ती बाण सुटावा तशी दोन पावलं पुढे आली.

“सर,” ती कुजबुजली, “टाका ना खाली. दिसू दे मला.”

टाकायलाच हवं होतं. फूल मुठीत होतं तोवर तिचा खेळ चालूच होता आणि हृदय तसंच धावत होतं. हातातून सोडलं तर हवेत एवढंसं अंतर उरणार, तेही नको, असं त्यांच्या मनात आलं. अगदी जमिनीला लावूनच मूठ उघडायची. ते हळूहळू वाकले.

“सर, नको!” यास्मिन किंचाळल्या. “तुमचा खांदा—”

मूठ जमिनीपासून चार बोटं वर होती. बोटं उघडायला लागली. पट्टीच्या आठ महिन्यांत त्यांनी ऋजुताकडून सगळ्यात जास्त हीच गोष्ट घोटून घेतली होती, जमिनीलगतचं फूल उचलण्याची. रॅकेट सपकन आली. त्यांची तीन बोटं मोडली आणि फूल छताकडे उडालं.

पलीकडे मार्टा फुलाखाली जाऊन उभी राहिली. तिचा खांदा हलला. ऋजुता रडत होती, आणि तिचे पाय धावायला लागले होते.